‘शेजारच्यासारखंच’ नावाचं बटण

प्रतीक्षा इंगळेला काळजी करायला कारण लागत नसे. कारण सापडलं नाही की उलट तिची काळजी वाढायची. ते असणारच कुठेतरी, फक्त आपल्याला दिसत नाहीये, असं तिला वाटायचं. खोलीचं कुलूप लावून जिना उतरली की ती पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायची. गॅस बंद केल्यावर शेगडीसमोर उभी राहून मनातल्या मनात ‘बंद केला’ असं म्हणायची. आणि अमरावतीच्या कचेरीत तर दर दोन मिनिटांनी समोरची स्क्रीन ताजी करायची. रिफ्रेश. बोट आपसूक जायचं. शेजारी बसणारा स्वप्निल म्हणायचा, "मॅडम, त्या बटणावरची अक्षरं उडाली. आता तरी त्याले आराम द्या." ती हसायची आणि आणखी एकदा दाबायची.

अशा स्वभावाच्या माणसानं खरं म्हणजे चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही असं काम धरावं. हिनं धरलं संगणकाचं. राजापेठेत झेरॉक्सच्या दुकानावर चार माणसांची एक कंपनी होती, तिथं ती वेबवर चालणारे प्रोग्राम बनवायची. म्हणजे त्यांची पुढची बाजू, जी लोकांना दिसते, जिच्यावर लोक बोटं ठेवतात आणि चिडतात. मागच्या बाजूवर कुणी चिडत नाही, कारण ती कुणाला दिसत नाही. सहा वर्षं ती हे काम करत होती आणि चांगलं करत होती. घाबरट माणसं कामाला बरी असतात, सगळं दोनदा तपासतात.

ती नेमकं काय करते हे अकोल्याला जठारपेठेतल्या घरी फक्त वडिलांना कळलं होतं. डोमाजी इंगळे एस.टी.त एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची अकरा एका आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यांच्या खिडकीबाहेर एक मोठा काळा फळा होता. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, किती उशिरा, सगळं त्यावर. माइकवर बोलणारा त्या फळ्याकडे बघायचा, ड्रायव्हर बघायचे, प्रवासी बघायचे, भुईमुगाच्या शेंगा विकणाराही कुठं गर्दी होणार ते त्यावरूनच ठरवायचा. फळा बदलला की सगळं आगार बदलायचं, कुणाला वेगळं सांगायला लागायचं नाही. आठ वर्षांची प्रतीक्षा सुट्टीत त्या खिडकीत बसलेली असायची. तिच्या डोळ्यांदेखत एकदा एका घाईतल्या कंडक्टरनं स्वतःच फळ्यावर फलाट खोडून दुसरा लिहिला होता, आणि डोमाजींनी त्याच्या हातातून खडू काढून घेतला होता. कुणाला काही बदलायचं असेल तर खिडकीशी येऊन सांगायचं. लिहिणार एकच माणूस.

कामाला लागल्यावर पहिल्या दिवाळीत तिनं वडिलांना आपलं काम समजावलं होतं. "बाबा, एका स्क्रीनवर दहा खिडक्या असतात. हरेक खिडकीनं आपली आपली वही ठेवली तं एकीत एक दिसते अन् दुसरीत दुसरंच. म्हणून माहिती एकाच जागी ठेवाची. ते बदलली का तिच्याकडं पाहून राहिलेलं सारं आपोआप बदलते."

"म्हंजे बोर्ड," डोमाजी म्हणाले. "मंग खडू कोनापाशी?"

"सध्या तं साऱ्यापाशीच हाय. काम लवकर होते."

"साऱ्यापाशी खडू, मंग बोर्ड कायले पाह्यजे?" ते म्हणाले, आणि विषय चिवड्याकडे गेला. हे बोलणं प्रतीक्षा पुढं विसरून गेली.

तीन वर्षांपूर्वी डोमाजींची किडनी बसली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस सुरू झालं. अकोल्यातलं ते केंद्र लहान, नऊ बेडचं. डॉक्टर रागिणी ते चालवत, पण पेशंटांच्या लेखी केंद्र म्हणजे शकुनताई. चाळिशीची, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी टेक्निशियन. सुई लावण्यापासून मशीन धुण्यापर्यंत तिचा हात सगळीकडं. आणि वर नोंदी. प्रत्येक पेशंटचे चौदा रकाने, कार्डावर एकदा आणि रजिस्टरमध्ये एकदा. शनिवारी येऊन वडिलांच्या पायाशी स्टुलावर चार चार तास बसणाऱ्या प्रतीक्षाला ते बघवेना. तिनं आपल्या कंपनीचे मालक मनोजभाऊ यांना गळ घातली, डॉक्टरांशी बोलली, आणि मागच्या पावसाळ्यात केंद्रात तिचा प्रोग्राम बसला. डाव्या बाजूला पेशंटांची यादी, मध्ये फॉर्म, उजवीकडं नऊ बेडचा नकाशा. एक रकाना बदला, तिन्हीकडं बदलतो.

डोमाजींनी तो प्रोग्राम डोक्यावर घेतला. हाताला सुया लावलेल्या, अंगावर चादर, आणि नवीन पेशंट शेजारच्या बेडवर पडला की यांचं सुरू. "ते स्क्रीन दिसून राहिली ना, माह्या पोरीनं बनवली. अमरावतीले राह्यते." समोरच्याला मळमळत असलं तरी त्याला ते पूर्ण ऐकावं लागायचं.

शकुनताईनं दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्या दोन्ही पुढं महागात पडल्या. पहिली गोष्ट चिकटपट्टीची. याआधी केंद्रात कुठलातरी दुसरा प्रोग्राम होता. त्यात कुणाचं तरी बोट कीबोर्डवरच्या रिफ्रेशच्या बटणावर पडलं आणि सकाळच्या पाळीच्या सगळ्या नोंदी गेल्या. तेव्हापासून तिनं त्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली होती, पेशंटच्या हाताला सुई धरून ठेवायला लावतात तीच. प्रतीक्षाचा प्रोग्राम आला तरी पट्टी तशीच राहिली. पान एकदा उघडलं की पंधरा पंधरा दिवस उघडंच. सकाळी फक्त स्क्रीन पुसायची.

दुसरी गोष्ट बटणाची. "निम्म्या पेशंटचं सारखंच असते ना बाई," ती प्रतीक्षाला म्हणाली होती. "तेच मशीन, तेच पाणी, तेवढेच तास. चौदा रकाने भरता भरता बोटं मोडतात. ‘शेजारच्यासारखंच’ असं एक बटण दे मले. दाबलं का शेजारच्या पेशंटचं सारं यावं, मंग मी जे वेगळं असन ते बदलीन." प्रतीक्षानं एका दुपारी ते बटण करून दिलं आणि शकुनताईच्या शब्दांतच त्याला नाव दिलं. तिनं ते नेहमीसारखं दोनदा तपासलं. दहादा तपासलं. दर वेळी बदल करायची आणि बोट रिफ्रेशवर जायचं, आणि सगळं जिथल्या तिथं असायचं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी आईचा, इंदूबाईंचा, फोन आला. बाबा आज जरा जास्तच थकले, जेवले नाहीत. असं व्हायचं मधूनमधून. तरी प्रतीक्षा त्या रात्री दोनदा उठून फोन बघून आली. गुरुवारी दुपारी साडेबाराला पुन्हा फोन आला.

"तुह्या बाबानं सांगू नोको म्हटलं होतं," इंदूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पाय असे आखडले बाई त्याईचे, दोघांनी धरले. बीपी नव्वदवर आला. सलाईन लावलं. मंगळवारीबी असंच झालं होतं, मले आज शकुननं सांगतलं."

"डॉक्टर काय म्हणून राहिल्या?"

"म्हणते, पाणी जास्त निघालं असन."

प्रतीक्षाला तीन वर्षांत हे पाठ झालं होतं. किडनी पाणी टाकत नाही म्हणून ते अंगात साठतं. मशीननं किती काढायचं हे ठरवायला पेशंटचं कोरडं वजन लागतं, ड्राय वेट. आलेल्या वजनातून ते वजा करायचं, उरलं तेवढं पाणी. कोरडं वजन चुकून कमी धरलं तर मशीन अंगातलं हक्काचं पाणीही ओढून घेतं. पाय आखडतात, बीपी पडतो, आणि हृदय कच्चं असलं तर त्याहून वाईटही होतं. डोमाजींचं कोरडं वजन साडेअठ्ठावन्न. आणि ते आकडे शकुनताई वाचायची कुठून, तर प्रतीक्षाच्या स्क्रीनवरून.

तिनं शकुनताईला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितला आणि तोवर स्वतःच्या संगणकावर तोच प्रोग्राम उघडला. डोमाजी इंगळे, बेड चार, ड्राय वेट ५८.५. ती सुटकेचा श्वास टाकते तोच फोटो आला. डोमाजी इंगळे, बेड चार, ड्राय वेट ५७.०.

एकच प्रोग्राम, एकच माणूस, दोन आकडे.

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. यादीत सत्तावन्न, फॉर्ममध्ये सत्तावन्न, नकाशात सत्तावन्न. तिन्ही जागा एकमेकींना दुजोरा देत होत्या. कुणाला संशय येणार कसा? आणि मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. खुशालराव, बेड पाच, ड्राय वेट ५७.०.

तिनं फोन लावला. "ताई, पाच नंबरवर खुशालराव कोण?"

"नवीन हाय. मूर्तिजापूरकडचे. मंगळवारी पहिल्यांदा आले."

"त्यांची माहिती कशी भरली?"

"बाबाच्या शेजारी बेड होता. ‘शेजारच्यासारखंच’ दाबलं, अन् वजन बदललं. काहून?"

काहून ते प्रतीक्षाला कळलं होतं. ते बटण दाबलं की शेजाऱ्याची माहिती उतरवून घ्यायची, असं तिच्या मनात होतं. कोडमध्ये मात्र तिनं उतरवून घेतलंच नव्हतं. नव्या पेशंटच्या नावापुढं शेजाऱ्याच्याच माहितीकडं बोट दाखवून ठेवलं होतं. नावं दोन, माहिती एक. शकुनताईनं खुशालरावांसाठी लिहिलेलं सत्तावन्न थेट डोमाजींच्या साडेअठ्ठावन्नावर लिहिलं गेलं, आणि बोर्डानं इमानेइतबारे ते सगळीकडं पोचवलं. मागं सर्व्हरवर, म्हणजे जिथं सगळी माहिती कायमची साठते तिथं, फक्त खुशालरावांची नोंद गेली, म्हणून तिथं डोमाजी शाबूत होते. पान ताजं केलं असतं तर सर्व्हरवरचा खरा आकडा येऊन चूक पुसली गेली असती. अमरावतीत ती दर दोन मिनिटांनी पुसली जात होती; म्हणून ती तिला कधी दिसली नाही. अकोल्यात बटणावर चिकटपट्टी होती.

खडू सध्या साऱ्यापाशीच हाय, हे आपलंच वाक्य तिला आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"ताई," ती म्हणाली, "ती पट्टी काढा आणि बटण दाबा."

"सकाळच्या साऱ्या नोंदी हायेत वो बाई."

"त्या सर्व्हरवर पोचल्या आहेत. मी पाहून राहिली. दाबा तुम्ही."

पट्टी निघाल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. मग शकुनताई हळूच म्हणाली, "साडेअठ्ठावन्न आलं." आणि जरा थांबून, "हे मंगळवारी काहून नाही आलं?"

"माझी चूक आहे. मी येते तिकडं. तोवर ते ‘शेजारच्यासारखंच’ अजिबात दाबू नका, आणि कोणालाही लावायच्या आधी त्याचं वजन जुन्या कार्डावरून घ्या."

मनोजभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. चार माणसांची कंपनी उन्हातान्हात उभी केलेली, आणि आणखी दोन दवाखाने हाच प्रोग्राम बघायला येणार होते. "सर्व्हरवर बरोबर हाय ना?" ते म्हणाले. "रिफ्रेश केलं का बरोबर दिसते ना? मग कोडमध्ये दुरुस्त कर, टाक, विषय संपला. तुझे बाबाच होते, म्हणजे घरातलीच गोष्ट. डॉक्टरांच्या कानावर कायले घालते?"

प्रतीक्षा त्यांच्याशी सहसा वाद घालत नसे. कुणाशीच घालत नसे. "माझे बाबा होते म्हणून आईचा फोन आला," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचे पाय आखडले असते, तर मला फोन कोण करणार होतं? ते बटण देऊन बारा दिवस झाले, तेवढ्यात ते सहा वेळा दाबलं गेलंय, भाऊ. मी मोजलं. बाकीच्या पाच जणांचं काय झालं, मला माहीत नाही."

"जा मग," मनोजभाऊ शेवटी म्हणाले. "पण लिहून काही देऊ नको."

तिनं अकोल्याच्या गाडीत, मांडीवर वही ठेवून, लिहूनच काढलं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू आलं, आणि तिची चार पानं फाडून झाली. काय चुकलं, कधीपासून, कुणाकुणाच्या बाबतीत घडलेलं असू शकतं. सहा जोड्यांची नावं. प्रत्येक जुन्या पेशंटचं नाव लिहिताना तिला तो माणूस आठवत होता, कारण स्टुलावर बसून तिनं त्या सगळ्यांना पाहिलं होतं. मैनाबाईंचं नाव लिहिताना तिला पुढं लिहवेना. मैनाबाई शेंगदाण्याचा लाडू आणून तिच्या हातावर ठेवायच्या, आपल्याला खायला बंदी म्हणून. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं.

केंद्रात पोचली तेव्हा साडेपाच झाले होते, दुपारची पाळी उठत होती. डॉक्टर रागिणींनी कागद उभ्यानंच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. कपाटातून जुनी पिवळी कार्डं काढवली आणि एकेक नाव शकुनताईकडून वाचून घेतलं. कार्डावर काय, त्या दिवशी मशीनला काय लावलं होतं. त्या पंधरा मिनिटांत प्रतीक्षानं भिंतीवरच्या घड्याळाखालचं कॅलेंडर पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यातलं एक अक्षर तिला कळलं नाही. एक जोडी सारख्याच वजनाची निघाली. दोघे त्यानंतर अजून बेडवर आलेलेच नव्हते. एकाचं वजन कार्डावरूनच घेतलं होतं. मैनाबाईंच्या आकड्यात तीनशे ग्रॅमचा फरक होता, आणि त्यांना काही त्रास झाला नव्हता.

"म्हणजे तुझ्या वडिलांनाच सगळं सोसावं लागलं," डॉक्टर म्हणाल्या. "चूक तुझी आहे. आणि आमचीही आहे, आम्ही कार्डं कपाटात टाकली." मग त्या शकुनताईकडं वळल्या. "पण दीड किलोचा फरक, शकुन. तुला खटकला नाही?"

"खटकला ना," शकुनताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुमी बदललं असन, असं वाटलं. पण मी काकांना विचारलं. मंगळवारी विचारलं, आज सकाळी पुन्हा विचारलं. काका, सत्तावन्न दाखवून राहिलं, बरोबर हाय का? दोन्ही वेळा ते म्हणाले, बरोबर हाय."

प्रतीक्षाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. शकुनताईनं तेच पुन्हा सांगितलं.

घरी डोमाजी पाय उशीवर ठेवून पडले होते. पोटऱ्या अजून दुखत होत्या, चेहरा पांढरट. लेकीला अवेळी दारात बघून ते आधी इंदूबाईंकडं रागानं बघते झाले. प्रतीक्षा चप्पल न काढताच कॉटशी आली.

"बाबा, तुमचं वजन तुम्हाले मालूम नव्हतं?"

"तीन साल झाले," ते म्हणाले. "मालूम कसं नसन. साडेअठ्ठावन्न."

"मंग शकुनताईनं विचारलं तवा?"

डोमाजी पंख्याकडं बघू लागले. पंखा बंद होता. "त्या पाच नंबरवाल्याले मी तवाच सांगतलं होतं," ते म्हणाले, "का हे सारं माह्या पोरीनं बनवलं. नवा माणूस, घाबरून गेला होता बिचारा. म्हटलं, घाबरू नोको, पोरीचं काम पक्कं हाय. अन् त्याच्याच समोर शकुननं विचारलं. आता कसं म्हणू का चुकून राहिलं? म्हटलं, डाक्टरनंच बदललं असन. अन् नसन बदललं तं, दीड किलोनं काय होते."

"अन् आज? मंगळवारी काय झालं ते मालूम असून?"

डोमाजींनी पायाखालची उशी सारखी केली.

प्रतीक्षाला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, स्वतःचा आणि त्यांचाही. "बाबा, तुमच्या फळ्यावर एखांद्या गाडीचा फलाट चुकला असता," ती म्हणाली, "अन् तो समोर दिसून राहिला असता, तरी तुमचं मन राखाले कोनी बोललं नसतं, तं तुम्हाले चाललं असतं?"

"नसतं," डोमाजी म्हणाले.

"मंग शनिवारपासून तिथं माह्यावर भरोसा ठेवाचा नाई. माह्यं नाव हाय म्हणून तं बिलकूलच नाई. शकुनताईनं विचारलं का जे खरं हाय ते सांगाचं, कोनीबी समोर असो."

"असं नोको म्हणू वो," डोमाजी म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला तिनं कधी ऐकला नव्हता.

"असंच म्हणन."

इंदूबाई दारात उभ्या होत्या. "दोघंबी सारखेच," त्या म्हणाल्या. "एक बोलत नाई, अन् एक झोपत नाई. पाय धू आधी, जेवाले बस."

शुक्रवारचा सगळा दिवस प्रतीक्षा घरीच कोड घेऊन बसली. बटण दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली. आता ते खरोखर उतरवून घेत होतं, आणि नव्या पेशंटचं वजन तर मुळीच घेत नव्हतं, तो रकाना कोराच सोडत होतं. बाकीचा दिवस खडू गोळा करण्यात गेला. प्रोग्रामचा कुठलाही तुकडा बोर्डावर परस्पर लिहीत असेल तर त्याचा हात धरायचा, आणि खिडकीशी येऊन सांगायला लावायचं. अशा एकतीस जागा निघाल्या. दुपारी मनोजभाऊंचा फोन आला. डॉक्टरांनी त्यांना कळवलं होतं. "त्या म्हणाल्या, प्रोग्राम ठेवू, पण कार्डंही ठेवू," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "लिहून दिलंसच शेवटी." ती हो म्हणाली. दुसऱ्या दोन दवाखान्यांचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चहा तिच्या शेजारी तीनदा थंड झाला.

रात्री तिला झोप लागली नाही. सगळं दुरुस्त झालं होतं, आणि बत्तिसावी जागा कुठंतरी असणारच असं तिला वाटत होतं.

शनिवारी सकाळी सातला ती वडिलांना घेऊन केंद्रात गेली. आत न जाता दाराशीच उभी राहिली. पाच नंबरवर खुशालराव आधीच येऊन पडले होते, सुई लागायची वाट बघत. शकुनताईनं डोमाजींना काट्यावर उभं केलं. साठ पॉइंट एक. ती स्क्रीनकडं गेली, रिफ्रेशचं बटण दाबलं आणि मोठ्यानं विचारलं, "काका, ड्राय वेट साडेअठ्ठावन्न दाखवून राहिलं. बरोबर हाय का?"

डोमाजींनी चष्मा लावला. स्क्रीनकडं बघितलं. मग दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती.

"कार्ड काढा," ते म्हणाले.

"काका, दुरुस्त केलं तिनं. मी काल साऱ्या पेशंटचं पाह्यलं."

"केलं असन," डोमाजी म्हणाले. "पोट्टीचं काय, तेबी चुकते. कार्ड काढा."

हे त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. शकुनताईनं प्रतीक्षाकडं एकदा बघितलं आणि कपाटातून पिवळं कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं. डोमाजींनी डॉक्टरांच्या अक्षराखालून बोट फिरवत तो आकडा गाठला, दोनदा वाचला, आणि मग हात पुढं केला. "आता लावा."

प्रतीक्षानं ओढणी सोडली. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. तिनं हेच मागितलं होतं.

शकुनताई सुई घेऊन वळली तेव्हा पाच नंबरवरून आवाज आला. खुशालराव कोपरावर अर्धे उठून बसले होते.

"बाई," ते म्हणाले, "माह्यंबी कार्ड पाहून घ्या."

शकुनताई पुन्हा कपाटाकडं गेली.